परण्याची चाल आणि गेनू मास्तरचे दात

माझ्या नवऱ्याने खिशातून दहाची नोट काढली, गेनू मास्तरच्या डोक्यावरून तीनदा ओवाळली आणि दोन दिवसांची मेहनत मातीत घातली.

गेनू मास्तर डोळे मिटून क्लॅरिनेट वाजवत होता. आमच्या घरात सात वादक अनवाणी उभे होते, भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या, मधोमध हिरामण साऊंडवाल्याचा माईक होता आणि कॅसेट फिरत होती. चाल शेवटच्या वळणाला आली होती. दोन दिवसांत इतकी चांगली ती एकदाही आली नव्हती. आणखी अर्धा मिनिट सगळे नीट राहिले असते तर काम झालं होतं. पण बँडवाल्याच्या डोक्यावरून नोट फिरली की असेल ती चाल सोडून सलामी द्यायची, ही या लोकांची जन्माची सवय. सखारामने ढोलावर कडकडून काठी मारली, पोंगेवाल्याने आपला मोठा पितळी पोंगा वर केला आणि मास्तरने डोळेही न उघडता सलामीचा उंच सूर लावला. त्या सुराला क्लॅरिनेट दातांनी घट्ट धरावी लागते. सूर मधेच फाटला आणि खाली फरशीवर टक्कन काहीतरी पडलं. तो मास्तरचा वरचा, पुढचा दात होता.

हिरामणने कॅसेट थांबवली. मास्तरने हात पुढे करून नोट घेतली, कोटाच्या खिशात घातली आणि मग खाली बघितलं.

आमचे मालक म्हणाले, "चाल लई ग्वाड लागली हो मास्तर. हात ऱ्हायला न्हाई."

हे खरंच होतं. माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षांत माझ्या स्वयंपाकावरून कधी आठ आणे ओवाळले नाहीत, पण बँड वाजला की त्यांचा हात खिशाकडे जायचा.

गेनू मास्तर आमचा शेजारी. आळे गावाच्या पुढे आमची वस्ती आहे, तिथे त्याच्या आणि आमच्या घरात एक बांध आणि एक बाभूळ एवढंच अंतर. त्याला सगळे मास्तर म्हणायचे, पण शाळेशी त्याचा संबंध माझ्याहून कमी. मी चौथी झाले, तो दुसरीतून उठून मेंढरांमागे गेला. बाप मेंढरं राखायचा, गेनू मेंढरांमागे पावा वाजवायचा. पुढे कुठल्याशा म्हाताऱ्या बँडवाल्याच्या मागे लागून तो क्लॅरिनेट शिकला आणि बाप पाहुण्यांकडे गेलेला पाहून बावीस मेंढरं विकून बँड उभा केला. बापाने वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं. मास्तर म्हणायचा, वर्षभर घरात शांतता होती म्हणूनच माझा रियाज झाला.

क्लॅरिनेटच्या तोंडाला बोरूची असते तशी एक पातळ पट्टी बसवतात. ती ओली लागते. म्हणून मास्तर सकाळपासून ती गालात धरून हिंडायचा आणि बोलायचा तो तिच्या कडेकडेने. नव्या माणसाला वाटायचं, याच्या तोंडावरून वारं गेलंय. एकदा एका पाहुण्याने त्याला नारायणगावच्या एका चांगल्या वैद्याचं नावही सांगितलं. मास्तरने ते नीट ऐकून घेतलं, वैद्याची वेळही विचारली आणि शेवटी पट्टी तोंडातून काढून पाहुण्याच्या हातावर ठेवली. जेवताना तेवढी ती पट्टी तो कानावर ठेवायचा, विडी ठेवावी तशी.

त्याला सगळ्या जगात सूरच ऐकू यायचा. आमच्या विहिरीवरची मोटार चालू झाली की बांधावरून ओरडायचा, "आवाज उतरलाय. बेरिंग जानार." मालक म्हणायचे, याला काय कळतंय. आठव्या दिवशी बेरिंग गेलं. तो खरा ठरला म्हणून मालक आठवडाभर त्याच्यावर चिडून होते. माझी सासू गेली तेव्हा माझी नणंद जुन्नरहून आली आणि दारातच तिने हंबरडा फोडला. मास्तर तिरडी बांधत होता. मान वर न करता तो हळूच म्हणाला, "ताई, एक घर खाली घ्या. आजून लई येळ रडायचंय." नणंद त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. पण रडली ती खालच्या सुरातच, आणि शेवटपर्यंत तिचा आवाज बसला नाही.

त्याच्या लग्नाची गोष्ट सुंदरा, म्हणजे त्याची बायको, अजून सांगते. गेनू घोड्यावर बसला होता आणि पुढे दुसऱ्या गावचा बँड चालला होता. स्वतःच्या लग्नात स्वतःचा बँड कसा वाजवणार. त्यांचा क्लॅरिनेटवाला कच्चा निघाला. गेनूने वेशीपर्यंत कळ काढली. मग बाशिंग वर सारून खाली उतरला, त्या माणसाच्या हातातली क्लॅरिनेट घेतली आणि मांडवापर्यंत वाजवत चालत आला. मागून रिकामं घोडं. सुंदराची आत्या नवरदेव कुठे म्हणून घोड्याभोवती फिरली. सुंदरा म्हणते, "माझ्या लग्नाला नवरा आलाच न्हाई आक्का. बँडवाला आला, त्याच्याच गळ्यात माळ घातली."

आता त्याच्या चालीबद्दल सांगते. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या देवळात नेतात, त्याला परण्या म्हणतात. परण्याची एक चाल मास्तरने स्वतः बसवली होती. तिला शब्द नव्हते. सुरुवातीला ती नाचण्यासारखी जलद जायची. मग नवरदेव देवळापाशी उतरतो तिथे ती एकदम संथ व्हायची, जणू कुणी मागून खांद्यावर हात ठेवला. आणि पुन्हा जलद. आजूबाजूच्या गावांतली कितीतरी पोरं त्या चालीवर देवाच्या पाया पडून बोहल्यावर चढली. ती कुठे लिहिलेली नव्हती. मास्तरला सुरांचं लिहिणं येत नव्हतं आणि दुसरं लिहिणंही बेताचंच होतं.

नव्वद सालानंतर हळूहळू गाडीवर कीबोर्ड ठेवून वाजवणारी मंडळी आली. एक माणूस बोटं फिरवतो आणि सनई, ढोल, ट्रंपेट सगळं त्या डब्यातूनच निघतं. सुपाऱ्या तिकडे जायला लागल्या. त्याचं मास्तरला एवढं वाटत नव्हतं. पण एका लग्नात त्या डब्यावर त्याचीच चाल वाजली आणि मधला संथ भाग गाळलेला. मास्तरने जाऊन विचारलं, मधलं कुठं गेलं. तो कीबोर्डवाला म्हणाला, "त्याच्यावर कोन नाचत न्हाई मामा. ते वाजवून काय करू?"

त्या दिवशी मास्तर आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि विहिरीवरची मोटार चालू झाली तरी तिच्यात खोट काढली नाही. मला वाटलं, बरं झालं.

त्यातच दात. वरचे पुढचे चार दात दोन वर्षं हलत होते. हिरड्यांत पू झाला होता. संक्रांतीला माझा तिळाचा लाडू खाल्ल्यापासून दुखणं वाढलं असं तो गावभर सांगत फिरला. लाडू मऊ होते. नारायणगावच्या दातांच्या डॉक्टरने चारही काढायचे म्हणून सांगितलं. मास्तरने दोनदा तारीख टाळली. तिसऱ्यांदा गाल भोपळ्यासारखा सुजला, ताप भरला आणि सुंदराने सोमवारची वेळ ठरवून आमच्या मालकांना साक्षीला उभं केलं. क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकवून वाजवतात. म्हणजे सोमवारनंतर ती चाल वाजवणारं तोंड या जगात राहणार नव्हतं. बँडमध्ये दुसरा क्लॅरिनेटवाला नव्हता. मास्तरने कधी कुणाला शिकवलंच नाही. "शिकला की त्योच मास्तर हुतो," असं म्हणायचा. आता भोगत होता.

कॅसेट करायची असं त्याने ठरवलं. आधी तो आळेफाट्याला कॅसेट भरून देणाऱ्या एकाकडे गेला. तो म्हणाला, तुम्ही एकटे या, बाकी ढोल-ताशा मी यंत्रातून टाकतो. मास्तर उलट्या पावली परत आला. त्याचं म्हणणं, सखारामचा ढोल चुकतो तिथे चुकलाच पाहिजे, आमची चाल ती तशीच आहे.

मग हिरामणला बोलावला. हिरामण आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचा. लग्नात, जत्रेत कर्णे लावायचा धंदा. पन्नाशीचा, अंगाने जाड, सरळ माणूस. त्याच्याकडे चार माईक होते, त्यातला घरघर न करणारा एक. त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं. "मास्तर, मोठ्या ठिकानी परत्येकाचं येगळं घेत्यात अन् मग कमी-जास्त करत्यात. माझ्याकडं सगळं एकदमच आत जातं. भाजीत मीठ पडल्यागत. मागनं काढता येनार न्हाई."

घर आमचं घेतलं, कारण आमच्या पुढच्या खोलीला नवा स्लॅब पडला होता आणि ती रिकामी होती. पौष महिना होता. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे सगळे वादक मोकळे. मला कुणी विचारलं नाही. शनिवारी सकाळी दारात पोंगा दिसला तेव्हा कळलं.

स्लॅबच्या खोलीत आवाज घुमायला लागला. हिरामण म्हणाला, कापड पाहिजे. माझ्या सहा आणि सुंदराच्या पाच गोधड्या भिंतींवर खिळ्यांनी टांगल्या. नव्या भिंतीला खिळे मारताना मालकांनी तोंड फिरवलं. मग सगळे सतरंजीवर मांडी घालून बसले, मास्तर खोकला आणि चाल सुरू झाली. तो खोकूनच सुरुवात करायचा. एक, दोन, तीन म्हणणं त्याला कमीपणाचं वाटायचं.

चाल चार पावलं गेली आणि कोसळली. पुन्हा केली, पुन्हा कोसळली. सखाराम ढोलवाला पंचवीस वर्षं वाजवत होता, पण बसून कधीच नाही. त्याचा ताल हातात नव्हता, पायात होता. बाकीच्यांचंही तेच. रस्त्याने चालत चालत वाजवणारी माणसं, मांडी घातली की मुकी. म्हणून ते उठले आणि खोलीत गोल गोल चालत वाजवायला लागले. ताल सापडला. पण हिरामणने कानावरची डबडी काढली आणि म्हणाला, जो जवळ येतो त्याचा आवाज येतो आणि तो पुढं गेला की जातो, बाजाराच्या दिवशी फाट्यावर उभं राहिल्यागत वाटतंय.

माझी भाकरी करपत होती. मी दारातून म्हणाले, "शाळेत कवायतीला पोरं करत्यात तसं करा की. जागच्या जागी पाय मारा."

कुणी मला शाबास म्हटलं नाही, पण तसं केलं. मग चपलांचा आवाज यायला लागला, म्हणून चपला काढल्या. पौषातली फरशी पायाला चावायला लागली, म्हणून मी कांद्याची बारदानं अंथरली. त्या कॅसेटमध्ये नीट ऐकलं तर खाली थपथप असा आवाज येतो, तो त्या पायांचा.

रविवारची सगळी सकाळ जागा ठरवण्यात गेली. हिरामणच्या यंत्रावर बटणं खूप होती, पण माईक एकच. त्यामुळे कोण किती ऐकू येणार हे कोण किती लांब उभा आहे त्यावर. मास्तरने माझा रांगोळीचा डबा मागून घेतला. स्वतः माईकच्या जागी उभा राहिला, गाल मफलरने बांधलेला, आणि एकेकाला मागे-पुढे सरकवायला लागला. जिथे पटलं तिथे पायाभोवती रांगोळीने रेघ. सखाराम आणि त्याचा ढोल उंबऱ्यात. पोंगा कोपऱ्यात. साईड ड्रम माझ्या चुलीजवळ. त्या दिवशीच्या भाकरी मी त्याच्या तालावर थापल्या आणि दोन फाटल्या. थंडीत क्लॅरिनेटचा सूर खाली बसतो म्हणून दर खेपेला मास्तर ती चुलीवर शेकायला आणायचा, वांगं भाजावं तशी फिरवायचा आणि मला जागा दे म्हणायचा.

आणि सगळं जुळून आलं, तेव्हा मालकांनी नोट काढली.

सुंदराने फरशीवरचा दात उचलला, पदराच्या गाठीत बांधला आणि म्हणाली, "झालं. उठा आता."

मास्तर तोंड दाबून म्हणाला, "नोट घेतली मी. घेतली की वाजवावं लागतं."

"दात गेला. आता जबडा बी घालवायचाय का?"

"उद्या डाक्टर काढनारच हाये. त्याच्यासाठी तीन ठिवलेत."

मी हसले. मी एकटीच हसले, बाकी सगळे जमिनीकडे बघत होते.

त्याने मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या. मग ओट्यावर पाठ करून बसला आणि क्लॅरिनेट तोंडाला लावली. नुसती हवा निघाली. अर्धा तास तेच. वादकांनी बिड्या पेटवल्या. हिरामण वायर गुंडाळायला लागला. सुंदरा मला म्हणाली, निघालाच नाही सूर तर बरं, पण तसं झालं तर हा घरात काय करील. मी म्हटलं, तुला छळील, दुसरं काय. ती म्हणाली, "तसं न्हाई आक्का. ह्यो गप बसंल."

तेवढ्यात सूर आला. मास्तरने वरचा ओठ दातांवरून आत दुमडला होता, म्हातारे सनईवाले नुसत्या ओठांनी धरतात तसा. सूर स्वच्छ होता, पण निम्मा. दाराआडून कुणी बोलावं एवढाच.

हिरामण म्हणाला, "मी बटन वाढवतो."

"माझं वाढवलं की ढोलाचं बी वाढतंय," मास्तर म्हणाला. "बटनाला हात लावू नगा. मानसं मागं घ्या."

त्याने पायाने सगळी रांगोळी पुसली. स्वतः माईकच्या एक हात जवळ गेला आणि बाकीच्यांना मागे ढकलायला लागला. दोन्ही ट्रंपेटवाल्यांची तोंडं गोधडीकडे. पोंगा ओट्यावर. साईड ड्रम परसात. सखारामला उंबऱ्यातून अंगणात नेलं, तरी जड. अंगणातून बाभळीखाली, तरी जड. शेवटी तो ढोल घेऊन गोठ्यात आमच्या गाईशेजारी उभा राहिला. गोठ्यातून त्याला मास्तर दिसेना, म्हणून सुंदरा अंगणात उभी राहिली. मास्तर खोकला की तिने पदर हलवायचा. जी बाई दात पडल्यापासून हे सगळं बंद पाडायला बसली होती तिलाच त्याने कामाला लावलं, आणि ती राहिली उभी.

मालक भिंतीला टेकून बसले होते, तोंड एवढंसं करून. मी त्यांचे दोन्ही खिसे रिकामे केले आणि म्हणाले, "गोठ्यात जा. गाईच्या गळ्यातली घंटा मुठीत धरा अन् सांगंपर्यंत सोडू नका." ते गेले. एका बाजूला गाय, दुसऱ्या बाजूला सखारामचा ढोल. त्या कानाने त्यांना पुढे कमीच ऐकू यायचं.

उन्हं कलायला लागली होती. मास्तर खोकला. बाहेर पदर हलला.

मला गाण्यातलं कळत नाही. पण कुठल्याही लग्नात चालीचा तो संथ भाग आला की लोक देवळाच्या पायरीवर टेकतात, पान मागतात, पोरांना हाका मारतात, हे मी बघितलेलं आहे. त्या दिवशी त्या जागी हिरामणने नाकाने श्वास घ्यायचंही थांबवलं होतं. मास्तरच्या हनुवटीवरून लाल लाळ क्लॅरिनेटवर उतरत होती. ढोल लांबून येत होता, दुसऱ्या गावातलं लग्न ऐकू यावं तसा. चाल पुन्हा जलद झाली, शेवटच्या वळणाला आली, वळली आणि संपली.

शेवटचा सूर विरायच्या आधी मालकांनी मूठ सोडली. घंटा वाजली. ती कॅसेटमध्ये आहे.

हिरामण कपाळाला हात लावून बसला. मास्तर पुसून पुसून क्लॅरिनेट पेटीत ठेवत होता. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. गावातलं लगीन हाये. गाय असनारच." नोट त्याने परत दिली नाही. त्या संध्याकाळी गाईने दूध दिलं नाही.

सोमवारी डॉक्टरने तीन दात काढले. पुढे खालचेही गेले आणि कवळी आली. कवळीवर त्याला क्लॅरिनेट कधी धरता आली नाही. ओठ दुमडून ते एकदाच जमलं. नंतर जमतंय का, हे तो कुणाला बघू द्यायचा नाही. हिरामणने कॅसेटच्या प्रती काढल्या. काही लग्नांत परण्याला हातगाडीवर कर्णा ठेवून ती कॅसेट लावायचे आणि मास्तर बँडचा तांबडा कोट घालून, रिकाम्या हातांनी पुढे चालायचा. संथ भाग आला की तो रस्त्यात उभाच राहायचा. मागची वरात अडायची, पोरं शिट्ट्या मारायची, तो हलायचा नाही. सगळा भाग वाजून झाला की पुढे.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते आळेफाट्याच्या स्टँडवर. बऱ्याच वर्षांनी. मी ओझरला गणपतीला निघाले होते. तो बाकड्यावर बसला होता, कवळी रुमालात गुंडाळून मांडीवर, आणि चहात बुडवून खारी खात होता. मला बघून त्याने ना तब्येत विचारली ना मालकांचं काही बोलला. मालक जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

म्हणाला, "वैनी, ढोल गोठ्यात नगं व्हता. गोठ्याच्या मागं पायजे व्हता."

मी म्हटलं, "मागं उकिरडा हाये."

"मग उकिरड्यावर उभा केला असता सखारामला. चार पावलांनी चुकलं."

तेवढ्यात त्याची गाडी लागली. तो कोपराने दोघांना बाजूला सारून पहिला चढला. खिडकीतून मला दिसलं, कंडक्टर समोर आला तेव्हा त्याने रुमाल सोडला, कवळी तोंडात बसवली, गावाचं नाव सांगितलं, तिकीट घेतलं आणि कवळी काढून पुन्हा रुमालात बांधली.

चार महिन्यांनी तो झोपेतच गेला. कॅसेट भरली त्या रविवारी आमच्या घरात अकरा माणसं होती. मास्तर धरून सातही वादक गेले, मालक गेले. सुंदरा, हिरामण आणि मी, आम्ही तिघं आहोत.